शकुनबाईची साक्ष

"बाई, तुम्ही त्याच्या कोण?" ताराचंद वकिलानं मान वर न करता विचारलं. टोपन काढलेला पेन हातात होता, कागदावर बोटभर जागा सोडलेली होती, अन् त्या जागेत लिहाले त्याले फक्त एक शब्द पाहिजे होता. मी तोंड उघडलं. हे साठ वर्सांचं तोंड कधी रिकामं उघडलं नाई; उघडलं की त्यातून वाघ निघते, नदी निघते, मेलेली मानसं निघून पाट घेऊन बसते अन् चहा मागते. पन त्या दिवशी भंडाऱ्याच्या कचेरीच्या ओसरीत, लाकडी बाकावर बसल्या बसल्या, ते उघडलं अन् तसंच राहिलं. माय म्हनावं तर टेबलावर शाळेचा दाखला पडून होता अन् त्याच्यावर वेगळं लिहून होतं. काकू म्हनावं तर ते माझ्यानं म्हनवेना. बाजूले शकुनबाई बसली होती, माझी शेजारीन, एका भिंतीची. नुसती सोबत म्हनून आली होती. मी गप आहे हे पाहून तिनं माझ्या कपाळाले हात लावला. ताप नव्हता. हात तसाच ठेवला तिनं थोडा वेळ, अन् वकील कागदावर टिंब टिंब करत बसला.

गोष्ट तशी साधी होती. माझा नंदलाल कॅनडात इंजिनेर आहे. सत्तर साली गेला तवा एकटा होता. मंग त्यानं मोठ्या भावाले, मधुकरले बोलावलं, मंग बहीन सुलोचना, जावई, त्यांची लेकरं. आता तिथं एका सडकेवर आमच्या घरची अकरा मानसं राहते, अन् इथं भंडाऱ्यात मी, खड्ड्यातला बंद पडलेला माग, अन् भिंतीपलीकडं शकुनबाई. आमचे हे, टिकाराम, तीन वर्सांआधी गेले. तवापासून नंदलालच्या प्रत्येक चिठ्ठीत एकच. माय, पाहुनी म्हनून नको येऊ, कायमची ये, इथं सारे आहे, तूच नाई. 'कायमची' हा शब्द मी गल्लीत कोनाले वाचून नाई दाखवला. चिठ्ठी घडी करून डब्यात ठेवली अन् बाहेर येऊन सांगितलं की कॅनडात बर्फ पडला की लोकं घराले दोरीनं झाडाले बांधून कामावर जाते, नाईतर सांजी घर सापडत नाई. बायका हसल्या. मी आत येऊन ती चिठ्ठी पुन्हा काढली. मागच्या हिवाळ्यात तो स्वतः आला. माझ्यासमोर मांडी घालून बसला, भाकर मोडली, अन् खाली पाहून म्हने, "माय, तिथलं सरकार मायले बोलावू देते. काकूले नाई देत." मी म्हटलं, "मंग अडचन काय आहे?" म्हने, "अडचन मीच आहे. कागदावर मी तुझा नाई."

कागदावर तो माझा नाई, ही चूक कोन्या दुश्मनानं नाई केली. आमच्या घरच्या मोठ्या मानसानं केली, अन् तेही आनंदात. श्यामराव माझे भासरे, म्हनजे ह्यांचे मोठे भाऊ. घर त्यांच्या हातात, माग त्यांच्या नावावर, बाजारात कोशाची साडी गेली तर 'श्यामरावच्या घरची' म्हनूनच जाये, मंग ती कोनीही विनलेली असो. नंदलालले शाळेत टाकायचा दिवस आला तवा तेच बोट धरून घेऊन गेले. गुरुजीनं बापाचं नाव विचारलं अन् त्यांनी आपलं सांगितलं. मधुकरले टाकतानी सांगितलं होतं तसंच. त्यात खोट नव्हती. घरचं पोट्टं म्हटलं की घरच्या मोठ्याचं नाव, आमच्याकडं असंच चाले, दुसरं काही असते हेच कोनाले सुचत नव्हतं. घरी येऊन त्यांनी गूळ वाटला. ह्यांनी खाल्ला, मी खाल्ला, नंदलालनं तर दोनदा मागून खाल्ला. तो गूळ आता, तीस वर्सांनी, घशात आडवा आला.

ताराचंद वकील मानूस वाईट नाई. लहानपनी आमच्या ओसरीत येऊन माझ्या गोष्टी ऐकत बसे, नाक गळत राहे. त्यानं पेन ठेवला अन् हळूच म्हटलं, "काकू, एक सोपा रस्ता आहे. तुमच्या रेशनकार्डावर सीताबाई श्यामराव हे नाव अजून आहे." आहे. सीता माझी मोठी जाऊ. नंदलालले जिनं जन्म देल्ला ते. तिले जाऊन चोवीस वर्सं झाली, पन तिचं नाव काढाले कचेरीत कोनी गेलंच नाई. पहिले साखरेसाठी राहू देल्लं, मंग सवय झाली. "पासपोर्ट अजून काढला नाही ना? मग त्या नावानं काढा," तो म्हने. "दाखल्यावर वडील श्यामराव, कार्डावर त्यांची बायको सीताबाई. सगळं जुळतं. इथून तिथं कोण तपासायला जातं?" मी म्हटलं, "ताराचंद, ज्या मानसासमोर पंचवीस वर्सं माझा डोक्यावरचा पदर हलला नाई, त्याची बायको मले म्हातारपनी करून राहिला का तू?" शकुनबाई पदर तोंडाले लावून हसली. वकीलही हसला. मीही हसली असन. पन तो रस्ता खरंच सोपा होता. नुसतं मान हलवायची होती. मी सीता. डोळे मिटून मी एकदा तसं होऊन पाहिलं. सीतेचं मोठं कपाळ, सीतेचे पायातले तोडे, सीतेची ते खाली पाहून बोलायची रीत. अन् आतून कोनीतरी म्हटलं, पोट्टं घेतलं गिरजे, आता नावही घेशीन का? मी डोळे उघडले. म्हटलं, "नाई. हे नाई होनार माझ्यानं."

ताराचंदले हे पटेना. त्याचंही बरोबर होतं. गिरजाबाईले खोट्याचं वावडं कवापासून झालं? माझं माहेर आंबागड, किल्ल्याच्या खाली. बाप जंगलातले रेशमाचे कोसे घ्यायचा अन् इकडं विनकरांना आनून विकायचा. लग्न होऊन भंडाऱ्याले आली तवा मी तेरा वर्सांची, अन् सासरी कोनी ओळखीचं नाई, तर मी आपलं माहेर तोंडानंच सोबत आनलं. आमच्या आंबागडातला वाघ दारावर येऊन म्हने, गिरजे, तो दिवा इझव, डोळ्यावर येते. आमच्याकडच्या कोशाचा धागा एवढा हलका की ताना लावला अन् कोनी शिंकलं तर शेजारच्या गावाहून परत आनावा लागे. सासू हसे. ती हसली की मले भात वाढतानी हात सैल सोडे, म्हनून मी आनखी सांगे. तिथून जी सुटली ते सुटली. आमच्या गल्लीत सकाळी सुताची पाजनी चाले, ताना गल्लीभर पसरलेला, बायका खळ लावत इकडून तिकडं चालते अन् मी मधात बसून बोलून राहिली. मागच्या साली जनगननेचा मानूस आला. विचारे, घरात किती जन? मी म्हटलं, सतरा. तो लिहू लागला तर भिंतीपलीकडून शकुनबाईचा आवाज आला, "एक लिहा, एक. बाकी सोळा तिच्या डोकस्यात आहे." ते तशीच आहे. तिच्या तोंडून उभ्या जन्मात आडवा शब्द नाई गेला. गल्लीत भांडन झालं तर दोन्ही बाजू तिच्याच दारी जाये, अन् ते आपल्या सख्ख्या लेकाविरुद्धही सांगे. मी काही बोलली की लोकं तिच्या तोंडाकडं पाहे. तिनं मान हलवली तर खरं, नाईतर करमनूक.

आता त्या ओसरीत मले समजलं की मी आपल्या हातानं आपलं काय करून ठेवलं. कारन मी ताराचंदले खरं सांगितलं. मी त्याची माय आहे म्हटलं, मले तो ओटीत देल्ला आहे. अन् तो हसला. हसला तेही जुन्या मायेनं, वाघाच्या गोष्टीत हसे तसंच, नाक वर ओढून. माझ्या अंगावर पानी पडल्यासारखं झालं. पायाखाली फरशी थंड होती, चप्पल मी बाहेर काढली होती, अन् ती थंडी वर चढत चढत पोटऱ्यापर्यंत आली. मनात आलं, एवढ्या साऱ्या गोष्टीत माझी एकच खरी होती, अन् ती मी कधी सांगितलीच नव्हती. कोनालेच नाई. ती सांगायची गोष्ट नव्हती.

लग्नाले नऊ वर्सं झाली अन् माझी कूस रिकामी. मोठीले दोन, अन् तिसऱ्यानं ते पोटुशी. एक दिवस सासूनं दोघींनाही चुलीपाशी बसवलं अन् म्हटलं, यावेळचं होईन ते गिरजेच्या ओटीत. विचारलं नाई, सांगितलं. सीता चुलीत फुंकर मारत होती, मारतच राहिली. धूर झाला. पोट्टा झाला, अन् सव्वा महिन्यानं न्हाऊन धुऊन पाच सवाशिनी बोलावल्या. ओटीत घालायची रीत अशी की देनारीनं पोट्ट्याच्या कपाळाले हळद लावायची, घेनारीच्या पदरात तांदूळ, नारळ अन् त्याच्यावर पोट्टं ठेवायचं, अन् तीनदा म्हनायचं, आजपासून तुझा. मंग पाठ फिरवून जायचं, मागं वळून पाहायचं नाई. सीतेनं हळद लावली. तांदूळ घातले. पोट्टं ठेवलं, त्याचं ते ओलं, ऊन वजन माझ्या मांडीत उतरलं अन् मले वाटलं मी जमिनीत चालली. मी तोंड वर करून तिच्याकडं पाहिलं. तिचे ओठ हलले. आवाज नाई निघाला. एकदा हलले, दुसऱ्यांदा हलले, सारे वाट पाहून राहिले, अन् मंग सासूनंच मागून मोठ्यानं म्हटलं, आजपासून तुझा, आजपासून तुझा, आजपासून तुझा, झालं, उठा. झालं. सीता वळली अन् आत गेली. मागं नाई पाहिलं तिनं. पन बोललीही नाई. अन् मी उठली तवा पदरातले तांदूळ खाली सांडले, ते मले कोनी उचलू नाई देल्ले.

माझ्या अंगावर दूध कुठून येईन. दूध तीच पाजे. दिवसातून सहादा मी पोट्टं घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी जाये, ते घेई, पाजे, अन् माझ्या हातात परत देई. ढेकर माझ्या खांद्यावर. सहादा देनं अन् सहादा घेनं, अन् त्यात एक शब्द नाई. घरात बाकी साऱ्या गोष्टी आम्ही बोलत होतो, मीठ किती, कांड्या किती भरल्या, पाऊस किती. माझ्या गोष्टीवर तीही हसे. पन पोट्टं मधात आलं की दोघींचंही तोंड शिवल्यासारखं. मले वाटे, विचारावं. सीताबाई, तू देल्ला का, का फक्त सासूनं देल्ला? पन ते 'नाई देल्ला' म्हनाली तर? मंग मी काय करू, परत करू? म्हनून मी आनखी बोले. जेवढं ते गप, तेवढी मी बोले. नंदलाल चार वर्सांचा झाला अन् विचारू लागला, मी कुठून आलो, तर मी सांगितलं, एक दिवस कोसे उकळू घातले होते, एक कोसा लय मोठा, भोपळ्याएवढा, त्यातून रडायचा आवाज आला, मी फोडला तर आत तू. तो कोशाचा वास, उकळत्या कोशाचा तो ओशट वास, पोट्टं खुशीनं छातीत ओढे अन् म्हने, माझा वास. सीता जवळच बसून धागा मांडीवर वळत होती. तिचा हात थांबला नाई. पन त्या दिवसापासून मले वाटते की तिचा हात एक क्षन थांबला होता. एवढ्या वर्सांनंतर खरं काय अन् मी घातलेलं काय, मलेच नाई समजत.

सीता गेली तवा नंदलाल तेरा वर्सांचा. तोवर कोनी ना कोनी त्याले सांगितलंच होतं, गल्ली म्हटल्यावर ते होनारच. नदीवरून आल्यावर ओसरीत न्हावी बसला, मधुकरचं डोकसं भादरलं. नंदलाल खांबाले धरून उभा होता. माझ्याकडं आला अन् कानात म्हने, "माय, मी किती रडू?" किती म्हनजे, काकू म्हनून का माय म्हनून, तेवढं त्याले विचारायचं होतं. मोठी मानसं म्हने, ओटीत देल्लेल्याले केस काढायची गरज नाई. केस राहिले तर तो माझा, पक्का माझा, साऱ्या गावासमोर. अन् माझ्याच तोंडून निघालं, "काढा त्याचेही." काहून निघालं ते माहीत नाई. तिनं दिवसातून सहादा देल्लं होतं, मी एकदा देल्लं. न्हाव्याचा वस्तरा चालला अन् माझा नंदलाल रडू लागला, जेवढं यायचं तेवढं. मंग तेच गुळगुळीत डोकसं माझ्या मांडीवर ठेवून झोपला. हे मी कधी कोनाले सांगितलं नाई, यात हसाले काय आहे?

"काकू," ताराचंद म्हने, त्याचा आवाज आता मऊ झाला होता. "दत्तक खरं असेल तर दुसरा रस्ता आहे. पण त्याला साक्ष लागते. ओटीत घालताना ज्यानं डोळ्यानं पाहिलं असा माणूस. ऐकलेला चालत नाही." मी मनातल्या मनात एक एक बाई मोजू लागली. सासू गेली. जनाबाई गेली, ललिताबाई गेली, ती कडेवर लेकरू घेऊन उभी राहिलेली सोनारीन गेली. भासरे गेले, हे गेले. त्या दिवशी त्या खोलीत जेवढे श्वास होते, त्यातला माझाच एक उरला होता, अन् तो मोजत नाई. मी पदर सावरला. म्हटलं, जाऊ दे. नंदलालले लिहून टाकू, नाई होत. तो उन्हाळ्यात येईन, दोन वर्सांनी येईन, जमन तसा येईन. अकरा मानसं तिथं सुखात आहे, बारावी नसली तर कोनाचं अडत नाई. असं म्हनत होती, पन मले जायचं होतं. पहिल्यांदा मले नीट समजलं की मले जायचं होतं. बर्फात, दोरीनं बांधलेल्या घरात, त्याच्या पोट्ट्यांच्या मधात बसायचं होतं, अन् कागदावर त्याची माय म्हनून जायचं होतं, दुसरं कोनी म्हनून नाई.

"मी होती ना," शकुनबाई म्हने.

मी वळून पाहिलं. ते समोर पाहून राहिली होती, दोन्ही हात गुडघ्यावर, जशी ते देवळात बसते. मले माहीत होतं अन् तिले माहीत होतं की त्या दिवशी ते भंडाऱ्यात नव्हतीच. ते होती सिहोऱ्याले, आपल्या माहेरी, पहिल्या बाळंतपनाले. परत आली तवा माझा नंदलाल चार महिन्यांचा झाला होता अन् तिनं येऊन त्याच्या हातात चांदीचा वाळा घातला होता. वकिलानं पेन उचलला. "सांगा."

अन् शकुनबाई सांगू लागली. मोठ्यानं नाई, घाईनं नाई. भाजीचा भाव सांगावा तसं. "बुधवार होता. खोलीत अंधार होता म्हनून दार उघडं ठेवलं होतं. सीताबाईनं अंजिरी लुगडं नेसलं होतं, डाव्या बाजूले काठ उसवला होता, ते सारखी तो मुठीत धरून राहिली. मी दाराशी उभी होती. पोट्ट्यानं मधातच मुतलं, तवा सासूबाई म्हने, बरं झालं, शकुन चांगला." वकील लिहून राहिला. मी ऐकून राहिली. मी चाळीस वर्सं वाघ नाचवले, घरं झाडाले बांधली, अन् ही बाई एक उसवलेला काठ घेऊन आली अन् मले गारद केलं. मलेही तो काठ दिसू लागला, सीतेच्या मुठीतला. खोटं कसं बोलावं हे मले साठ वर्सांची झाल्यावर त्या बाकावर समजलं. मंग ताराचंदनं विचारलं, "देताना काही बोलल्या का त्या? कायद्यात देणारीची मर्जी लागते."

मी शकुनबाईकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला. मंग म्हने, "बोलली. तीनदा बोलली. आजपासून तुझा, आजपासून तुझा, आजपासून तुझा. आपल्या तोंडानं. मी ऐकलं."

बाहेर कोनीतरी सायकलची घंटी वाजवली. वकिलानं लिहून झालं, वाचून दाखवलं, अन् मंग वकीलच तो, पेन माझ्याकडं करून म्हने, "काकू, एवढं तुम्ही सांगा. शकुनबाई त्या दिवशी तिथं होत्या?" शकुनबाईनं माझ्याकडं पाहिलं नाई. बाकाची कड धरून बसली. अर्ध्या घंट्याआधी मी याच बाकावर एक खोटं नाकारलं होतं. 'सीता हो' म्हटलं होतं वकिलानं, मी नाई झाली. अन् आता हे दुसरं समोर उभं. दोन्ही खोटी, पन सारखी नव्हती. पहिल्यात सीता पुसून जात होती, तिच्या जागी मी बसत होती. दुसऱ्यात ते दारातून आत आली होती, अंजिरी लुगडं नेसून, अन् तिचा आवाज फुटला होता.

"होती," मी म्हटलं. आनखी काही नाई जोडलं. माझ्या जन्मातली सर्वात बारकी गोष्ट. ताराचंद हसला नाई. त्यानं सोडलेल्या जागेत 'आई' लिहिलं, मले दाखवलं, मी ते अक्षर बोटानं चाचपून पाहिलं तर शाई बोटाले लागली. शकुनबाईनं अंगठा उमटवला.

निघालो. ऊन तापलं होतं. खांबतलावापाशी तिचा गुडघा बोलू लागला, म्हनून पायरीवर टेकलो. पान्यात म्हशी डुंबून राहिल्या होत्या. मी किती वेळ बोललीच नाई, तवा तीच म्हने, "काय झालं? तोंड कचेरीत विसरून आली का?"

"शकुन, तू आपली जबान खराब केली माझ्यापायी."

"माझी आहे. मी खराब करीन नाईतर लोनच्यात घालीन." मंग म्हने, "तुले जायचं आहे का नाई?"

"आहे."

"मंग झालं. जा. म्हातारपनी पोट्ट्यापाशी नाई जाशीन तर काय माझ्या भिंतीले बोलत बसशीन?"

"अन् तू काय करशीन?"

"झोपीन. चाळीस वर्सांची झोप बाकी आहे माझी, तुझ्या तोंडापायी." असं म्हनून तिनं डोळ्यातला कचरा काढला. कचरा होता का नाई, मी विचारलं नाई. नंदलाल येऊन गेल्याले सहा महिने झाले होते, अन् तिनं कधी जा नाई म्हटलं अन् नको जाऊही नाई म्हटलं. रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन फक्त एवढं विचारे, दूध आनू का तुझंही. मी तिच्या हाताकडं पाहिलं. अंगठ्यावर निळा डाग तसाच होता. मनात एवढं दाटून आलं की मले आपल्या देवाचं नाव घ्यायचं होतं अन् तोंडात तिचंच येऊन राहिलं.

"तीनदा बोलली हे मात्र तू लय गोड घातलं," मी म्हटलं. "तू नव्हती तिथं, तुले नाई माहीत. ते एकदाही नाई बोलली. तिच्या घशातून निघालंच नाई. सासूनं म्हटलं तिच्या वाटचं. सदतीस वर्सं झाली, मले अजून नाई समजलं की तिनं देल्ला का नाई."

शकुनबाई म्हशीकडं पाहत होती. म्हने, "मले माहीत आहे निघालं नाई ते."

"कसं माहीत?"

"तिनंच सांगितलं. जायच्या आधीच्या साली. नदीवर लुगडी धूत होतो दोघी. म्हने, शकुन, त्या दिवशी माझ्या तोंडून नाई निघालं, लाज वाटते मले. मंग मी रोज म्हटलं. पाजून झालं की गिरजेच्या हातात देतानी मनात म्हने, आजपासून तुझा. दिवसातून सहादा म्हने. दोन वर्सं म्हटलं, अंगावरचं तुटेपर्यंत. म्हने, एवढ्या वेळा कोनी देल्लं नसन."

म्हशी पान्यात मान बुडवून वर काढत होत्या. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. त्या तोंडानं आज सकाळी बुधवार काढला होता, अंजिरी लुगडं काढलं होतं. लोकं इतकी वर्सं माझ्या तोंडाकडं असं पाहत होते, खरं का खोटं शोधत, अन् मी त्यांच्याकडं पाहून हसत होती. आता मी शोधून राहिली अन् तिच्या तोंडावर काहीच लिहून नव्हतं. सहादा. सहादा म्हनाली ते. ते मी कोनाले सांगितलं नव्हतं. का कधी सांगितलं होतं? का भिंतीपलीकडून तिनं मोजलं होतं?

"मंग एवढ्या वर्सात मले काहून नाई सांगितलं?"

"तू विचारलं का कधी?" शकुनबाई म्हने. "तू तर सांगतच राहिली."

मले राग यायला पाहिजे होता. नाई आला. छातीत जे सदतीस वर्सांपासून आवळून बसलं होतं ते एकाएकी सैल पडलं, अन् त्या सैल जागेत सीता येऊन बसली, खाली पाहून, ओठ हलवत. मी शकुनबाईच्या जवळ सरकली, एवढी जवळ की तिच्या गुडघ्याले माझा गुडघा लागला.

"सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून सांग. नदीवर कोन्या घाटावर होत्या तुम्ही, कोनती लुगडी होती, काय काय म्हटलं तिनं."

"आता इथं? उन्हात?"

"इथंच."

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, गुडघा सरळ केला, अन् सांगाले लागली. मी मधात एक शब्द नाई बोलली.